‘आई’ किती वेळा? घरशाळेच्या एका आठवड्याच्या नोंदी

रविवार, रात्र

घरशाळेचं आमचं हे दुसरं वर्ष. मुलं चार: थोरली ११ ची, मधला ८ चा, तिसरी ६ ची आणि धाकटा दीड वर्षाचा. मागचे दोन आठवडे नुसती पळापळ झाली आणि शुक्रवारी काय शिकवलं म्हणून आठवायला बसले तर काही आठवेना. म्हणून हा आठवडा रोजच्या रोज लिहून काढणार आहे. कुणी तीन-चार मुलांना एकत्र घरी शिकवायचा घाट घातला असेल, तर माझे वाया गेलेले तास त्यांच्या तरी कामी येतील.

आजची तयारी: तिघांचं वेगवेगळं वेळापत्रक, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, प्रत्येकाचा वेगळा रंग. सरावाची ६२ पानं छापली. मधेच प्रिंटरची शाई संपली, नवीन घातली. एकूण वेळ ३ तास १० मिनिटं. तक्ता बघून नवऱ्याने विचारलं, “यात तू जेवतेस कधी?” मी म्हटलं, बघू.

सोमवार

साडेआठला सुरुवात, आठ पन्नासला तक्ता कोलमडला. कारण अगदी साधं होतं आणि काल रात्री तीन तासांत ते माझ्या लक्षात आलं नाही. पहिल्याच रकान्यात मी तिघांनाही नवीन धडा दिला होता. नवीन म्हटलं की समजावून सांगणारं माणूस लागतं, आणि ते घरात एकच आहे.

वैतागून फ्रिजवर एक कागद चिकटवला. सव्वानऊ ते सव्वाबारा, कुणी ‘आई’ म्हणून हाक मारली की एक रेघ. (धाकट्याच्या हाका धरल्या नाहीत. त्याला एकच शब्द येतो आणि तो हाच आहे.) तीन तासांत ४७ रेघा. दुपारी आठवून त्यांची वर्गवारी केली:

पेन्सिल, खोडरबर, कात्री, पट्टी सापडत नाही: १५
झालं, आता काय करू: १२
हे कसं करायचं: ११
तो मला त्रास देतोय, ती माझं घेतेय: ९

म्हणजे ज्याला शिकवणं म्हणावं अशा हाका फक्त ११. बाकीचा वेळ मी भांडारपाल आणि न्यायाधीश होते.

शिकवण्यातलं म्हणायचं तर मधल्याच्या भागाकारावर पाऊण तास गेला. ६१२ भागिले ६. उत्तर आलं १२. मी पायऱ्या सांगितल्या, त्याने परत केलं, परत १२. तिसऱ्यांदा त्याच पायऱ्या जरा मोठ्या आवाजात सांगितल्या. आवाज वाढवल्याने भागाकार येत नाही, ही नोंद स्वतःसाठी. शेवटी पायऱ्या सोडून कागदाच्या चिठ्ठ्या केल्या: सहा चिठ्ठ्यांवर १००, एकीवर १० आणि दोन सुट्या एककाच्या. सहा पेले मांडले आणि म्हटलं, वाट सगळ्यांना सारखं. शंभराची एकेक चिठ्ठी प्रत्येक पेल्यात गेली. मग दहाची एकच चिठ्ठी हातात धरून तो थांबला. “ही सहा जणांना कशी देऊ?”

“नाही देता येत. मग दहाच्या किती मिळाल्या एकेकाला?”

“एकपण नाही.”

“ते वहीत कुठे लिहिलंयस?”

त्याने वहीकडे बघितलं, १ आणि २ च्या मधे बोट ठेवलं आणि म्हणाला, “अरे!” मग दहाची चिठ्ठी मोडून दहा सुटे केले, बारा सुटे वाटले, प्रत्येकाला दोन. १०२. त्यानंतरची चार उदाहरणं त्याची त्याने बरोबर सोडवली. चिठ्ठ्या करायला पाच मिनिटं लागली होती. त्या आधी केल्या असत्या तर चाळीस मिनिटं वाचली असती.

रात्री एकच दुरुस्ती केली. प्रत्येकाला एक टोपली: दोन पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, पट्टी, कात्री. टोपली ज्याची त्याने सांभाळायची, हरवलं तर शोधायचं. पंधरा रेघा तरी कमी व्हायला हव्यात.

मंगळवार

वेळापत्रक फाडलं. त्याजागी एका कागदावर दोन रकाने: ‘आई लागते’ आणि ‘आई लागत नाही’. नियम असा की एका वेळी पहिल्या रकान्यातलं काम एकाच मुलाला. बाकीच्यांनी दुसऱ्या रकान्यातलं करायचं: हस्ताक्षर, येत असलेली उदाहरणं, वाचन, चित्र.

आणखी एक बदल. आजवर मी धाकट्याला शेवटी घ्यायचे, मोठ्यांचं मार्गी लागलं की. तो ते मार्गी लागू देत नसे. आज पहिली वीस मिनिटं त्याचीच ठेवली. फोन आत, जमिनीवर बसून त्याच्याशी ठोकळे. त्यानंतर तो जवळपास पन्नास मिनिटं एकटा खेळला. योगायोगही असेल, उद्या कळेल.

रेघा ३१. टोपल्यांनी काम केलं.

दुपारी थोरलीबरोबर सूर्यघड्याळ सुरू केलं. पुठ्ठ्याच्या मधोमध मातीचा गोळा, त्यात उभी पेन्सिल. मला घाई होती. दिवसाचे २४ तास, वर्तुळाचे ३६० अंश, म्हणून तासाला १५ अंश. कोनमापक घेतला आणि पुढच्या सगळ्या तासांच्या रेघा आधीच आखून टाकल्या. दोनची रेघ चुकली, तीनची आणखी चुकली. थोरली म्हणाली, “तुझी पेन्सिल वाकडी आहे.” पेन्सिल सरळ होती, आणि चूक नेमकी तीच होती. सावली तासाला १५ अंश सरकण्यासाठी काठी पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे तिरपी लागते आणि तबकडी त्या काठीला काटकोनात. सपाट जमिनीवर उभ्या काठीची सावली दर तासाला सारखी सरकत नाही. हे मी कोनमापक उचलायच्या आधी वाचायला हवं होतं.

सोपा उपाय: रेघा खोडल्या, उद्या दर तासाला भिंतीवरचं घड्याळ बघून सावलीवरच खूण करायची. ऋतू पुढे सरकला की अशा खुणा चुकायला लागतील, पण आठवडाभराच्या खेळाला चालतील.

बुधवार

आज रेघा मोजल्या नाहीत. कारण पुढे येईल.

सकाळी तिसरीचं संख्यालेखन. मी ‘त्रेपन्न’ म्हणते, ती ३५ लिहिते. यात तिची काही चूक नाही. आपल्याकडे एकक आधी ऐकू येतं आणि दशक नंतर, आणि तिने ऐकलं त्या क्रमाने डावीकडून लिहिलं. ‘नीट ऐक’ असं मी तिला महिनाभर सांगत होते. ती नीटच ऐकत होती. आज वहीत दोन-दोन घरं आखली, उजवं लाल, डावं निळं. पहिला आवाज कानावर आला की लाल घरात, दुसरा निळ्या घरात. दहापैकी आठ बरोबर आले.

चुकलेले दोन एकाच जातीचे. ‘एकोणऐंशी’ला तिने ८९ लिहिलं, ‘एकोणसाठ’ला ६९. ‘ऐंशी’ ऐकू आलं की निळ्या घरात ८ ठेवून ती मोकळी. इथे रंगीत घरांचा उपयोग नाही, कारण एकोण म्हणजे एक उणे, आधी ऐंशीला जाऊन एक मागे यावं लागतं. म्हणून शंभर मण्यांची माळ काढली. ऐंशीपर्यंत मोज, एक मणी मागे घे, आता किती? १९ पासून ८९ पर्यंत असे आठ शब्द आहेत, ते आठही माळेवर केले. मग ती म्हणाली, “आता एकोणशंभर.” तिचं तर्कशास्त्र बिनचूक होतं. नव्याण्णव असं का म्हणतात याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ‘तसंच म्हणतात’ म्हणून वेळ मारून नेली.

माळेचा दोरा जुना होता. तो तुटला. आम्ही दोघींनी मणी गोळा केले, मोजले, ९८ भरले. एक सोफ्याखाली सापडला. एक धाकट्याच्या डाव्या नाकपुडीत.

आता चूक लिहिते. मी भुवयांचा चिमटा घेऊन तो काढायचा एक प्रयत्न केला. मणी गुळगुळीत, चिमटा घसरला आणि मणी आणखी आत गेला. मग तिघांना चपला घालायला सांगून सगळ्यांना घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी विचारलं, नक्की मणीच आहे ना, खेळण्यातला बटण सेल नाही ना? सेल असता तर एक मिनिटही थांबायचं नाही, तो आतली त्वचा जाळतो. मग त्यांनी मलाच सांगितलं: मोकळी नाकपुडी बोटाने दाबून बंद धरा, त्याच्या तोंडाला तोंड लावा आणि एकदाच झटकन फुंकर मारा. पहिल्या फुंकरीला तो हसला. दुसऱ्या फुंकरीला मणी सुटला आणि माझ्या गालावर येऊन आपटला. चिमटा, बोट, कापसाची काडी असलं काही घरी घालायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. माझा चेहरा बघून मी काय केलं असेल ते त्यांना कळलं असावं.

गेलेला वेळ २ तास २० मिनिटं. दवाखान्याच्या बाकावर मधल्याने आपणहून वीस पानं वाचली, हा नफा.

घरी आल्यावर मणी, गोट्या, बटणं सगळं वरच्या फळीवर गेलं. मोजायला आता बरण्यांची मोठी झाकणं. धाकट्याची मूठ हे माप: त्याच्या मुठीत मावतं ते टेबलावर येणार नाही.

सूर्यघड्याळ: आम्ही दवाखान्यात असताना ११ आणि १२ च्या खुणा राहिल्या. शिवाय परत येऊन बघतो तर पुठ्ठा वाऱ्याने फिरलेला. चारही कोपरे चिकटपट्टीने फरशीला चिकटवले. हे पहिल्या दिवशीच करायचं होतं.

सोमवारी मशीनला लावलेलं धुणं आज सापडलं. वास मारत होतं. परत धुतलं.

गुरुवार

रेघा १८! रात्री हे उद्गारचिन्ह खोडणार होते, पण राहू दे.

धाकट्याची वीस मिनिटं आधी, मग मधला, मग तिसरी, दोन रकाने, सगळं कसं सुरळीत. अकरा वाजता मी चक्क बसून गरम चहा प्यायले. थोरलीला मी स्वतंत्र काम दिलं होतं: १ ते १०० चा चौकट-तक्ता आणि मूळ संख्या शोधायची एराटोस्थेनिसची चाळणी (१ खोडायचा, मग २, ३, ५ असं एकेक आकडा ठेवून त्याच्या पुढच्या पटी खोडत जायच्या, उरतात त्या मूळ संख्या). ११ वर्षांची आहे, हुशार आहे, करेल. मी तिच्याकडे फिरकलेच नाही.

दुपारी तक्ता बघितला. खोडल्याविना उरलेल्या संख्या २८. शंभरपर्यंत मूळ संख्या २५ असतात. जास्तीच्या तीन शोधल्या: १, ७७ आणि ९१. १ तर खोडायचाच राहिला होता. ३ आणि ५ साठी तिने चौकोन मोजत मोजत शेवटपर्यंत खोडलं होतं, पण ७ ला पाढा म्हटला, आणि पाढा ७० ला संपतो. पुढचे ७७, ८४, ९१, ९८. त्यातले ८४ आणि ९८ दोनच्या वेळीच गेलेले, उरले ७७ आणि ९१. इतकी सुंदर चूक मला मुद्दाम करता आली नसती. शिवाय ७ नंतर थांबायचं की ११, १३, १७ असं पुढे खोडत जायचं, हे तिला कळलं नव्हतं. दहा गुणिले दहा शंभर, त्यामुळे २, ३, ५, ७ झाले की शंभरपर्यंतच्या तक्त्यात काम संपतं. हे मी सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, “छान केलंस, पण सकाळपासून एवढंच झालं?”

तिने पेन्सिल टेबलावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. “मला कुणी करू दिलं? ‘ताई, हे वाच.’ ‘ताई, हे बरोबर आहे का?’ ‘ताई, याला घे.’ तू ‘आई’ मोजतेस. ‘ताई’ कोण मोजतंय?”

सकाळ डोळ्यांसमोर आणून बघितली. मधल्याला शब्दाचा अर्थ अडला, तेव्हा मी तिसरीपाशी होते आणि म्हणाले होते, ताईला विचार. धाकटा रडला, ताई, जरा बघ गं. माझ्या चहाच्या वेळी तिसरीचं हस्ताक्षर तपासलं ते कुणी? सोमवारच्या ४७ मधून आजचे १८ गेले, बाकी २९. त्यातल्या किती टोपल्यांनी वाचल्या आणि किती तिच्या अंगावर गेल्या, हे आता कळायला मार्ग नाही.

तिला म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, “मला शिकवायला आवडतं. पण मी शिकत असताना नाही.” मग आम्ही दोघींनी मिळून ७ च्या ७० पुढच्या पटी खोडल्या. रात्री आणखी एक कागद फ्रिजवर लावला. वर लिहिलं: ताई.

शुक्रवार

‘ताईला विचार’ आजपासून बंद. मग अडलं तर काय? फेरी. स्वयंपाकघरातला टायमर वीस मिनिटांचा लावायचा. तो वाजला की मी प्रत्येकापाशी जाऊन दोन-तीन मिनिटं बसणार. मधल्या वेळात अडलं तर त्या उदाहरणाभोवती गोल करायचा आणि पुढचं करायचं. हाक मारायची नाही.

पहिल्या फेरीत मधल्याच्या पानावर तीन गोल होते. त्यातला एक त्याने पुढचं उदाहरण करता करता स्वतःच सोडवून खोडला होता. तिसरीच्या पानावर सगळ्याच उदाहरणांभोवती गोल, शिवाय एका गोलाला डोळे आणि मिशा. सहा वर्षांच्या मुलीला वीस मिनिटं म्हणजे एक जन्म. तिच्यासाठी टायमर दहा मिनिटांवर आणला आणि एका पानावर तीनच गोल काढायची मुभा दिली. तेव्हा कुठे ती विचार करून काढायला लागली.

थोरलीची खुर्ची आतल्या खोलीत हलवली, दार लोटलं. आधी हे का सुचलं नाही, तर तिथे बसली की ती माझ्या हाताशी नसते. हे खरं कारण आहे.

रेघा: आई २२, ताई ५. गुरुवारपेक्षा आईच्या चार जास्त, आणि आकडा मला जास्त पटतो. ताईच्या पाचपैकी दोन माझ्याच तोंडून निघाल्या. सवय.

थोरलीने पूर्ण तास सलग काम केलं. मग येऊन २०० पर्यंतचा तक्ता हवा म्हणाली आणि स्वतःच सांगितलं, आता ११ आणि १३ सुद्धा लागतील, पण १७ नाही, कारण १७ गुणिले १७ दोनशेच्या पुढे जातं.

मधल्याच्या बिया कुजल्या. ओल्या कापसावर ठेवायच्या होत्या, त्याने प्रेमाने रोज वाटीभर पाणी घातलं आणि त्या बुडल्या. रुजताना बीला हवाही लागते. नवीन बिया, कापूस फक्त ओलसर, वाटी तिरपी करून पाणी सांडत नाही ना ते बघायचं. पाच दिवस गेले.

शनिवार

सकाळ नवऱ्याकडे दिली. त्याने दोन रकाने बघितले, टायमर बघितला आणि दोन्ही बाजूला ठेवून सगळ्यांना सतरंजीवर घेऊन एक गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचत बसला. दीड तास. थोरलीपासून धाकट्यापर्यंत सगळे. मधेमधे थांबून तो थोरलीला पुढे काय होईल विचारी आणि तिसरीला पानाचा आकडा वाचायला लावी. मी आत बसून रेघा मोजत होते. आई ६, ताई १, बाबा ४.

मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. आठवडाभर मी तिघांचे तीन अभ्यास एका टेबलावर बसवायला धडपडतेय आणि याने एकच काम चौघांना दिलं. अर्थात भागाकार असा वाचून येत नाही, हे त्याला जेवताना ऐकवलं. तो म्हणाला, नाहीच येत, पण भाषेला आणि इतिहासाला तरी चौघांना वेगळं कशाला बसवतेस? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी भांडी घासायला घेतली.

सूर्यघड्याळाला अखेर पूर्ण दिवस मिळाला. दर तासाला थोरली आणि मधला पळत जाऊन खूण करून आले. दुपारच्या सुमारास दर दहा मिनिटांनी सावलीची लांबी मोजली. सगळ्यांत आखूड सावली बाराला पडेल अशी पैज होती. पडली साडेबाराच्या आसपास. घड्याळ सगळ्या प्रदेशाची एकच वेळ दाखवतं, सूर्य आपापल्या जागेची. पैज दोघेही हरले.

रविवार, रात्र

हिशोब. छापलेल्या ६२ पानांपैकी वापरली २४. उरलेल्या ३८ च्या मागच्या बाजू कच्च्या कामाला. नियोजनात गेलेले तीन तास बहुतेक फुकट. उद्याच्या आठवड्याचं नियोजन आज पंचवीस मिनिटांत झालं आणि एका कागदावर मावलं.

सकाळी आधी धाकटा, वीस मिनिटं. नवीन धडा एका वेळी एकाला, बाकीचे येत असलेल्या कामावर. भाषा आणि इतिहास चौघांना एकत्र, सतरंजीवर. गणित टेबलावर, टायमर लावून. थोरली आतल्या खोलीत, दार लोटून. रोज दुपारी अर्धा तास ती तिसरीला शिकवेल, पण वेळ आणि विषय ती ठरवेल. तिने विषयही सांगून ठेवलाय: एकोणवाले आकडे, झाकणांवर.

बुधवारी दंतवैद्य आहे, मधल्याचा दात हलतोय. त्या दिवशी नवीन काही नाही.

धुणं मशीनमध्ये आहे. टायमर लावला आहे.